शेजारचं भांडं

फादर म्हणाले, फिलूबाई, तुम्ही चाळीस वर्षं
धर्मशिक्षणाचे पेपर तपासलेत,
हेही एकदा नजरेखालून घाला.
आणि भाच्याच्या बँडची गाणी,
चार पानं, झेरॉक्स, कडेला वड्याच्या तेलाचा डाग,
माझ्या हातात ठेवली.
शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये वाजवू द्यायचं की नाही,
प्रश्न एवढाच होता.

लाल पेन्सिल घेतली. चष्मा पुसला.
पहिल्याच ओळीत उलटा क्रूस.
खूण केली नाही.
उलट्या क्रुसावर पेत्र गेला म्हणतात,
प्रभूसारखं मरायची आपली लायकी नाही म्हणून
डोकं खाली करून.
रेगनच्या काळ्या शर्टावरही तोच आहे.
माझी बहीण तो शर्ट मरोळच्या गॅलरीत
खालच्या कडेला चिमटे लावून वाळत घालते,
क्रूस आपोआप सुलट होतो.
तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

पुढे सात डोक्यांचं श्वापद.
तेही आमच्याच घरचं, शेवटच्या पानांतलं,
लहान मुलं समोर असली की आम्ही ती पानं उलटतो.
मग कोकरू, रक्त, वेदी.
हे तर आम्ही रोज सकाळी साडेसहाला म्हणतो,
जांभई देत.

तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली.
आभाळात रिंग वाजत राहते, कोणी उचलत नाही,
अशा अर्थाचं काहीतरी होतं.
बस्त्यावच्या खाटेशी, चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात,
अकरा रात्री मी हेच म्हणत होते.
फक्त माझ्याकडे अँप्लिफायर नव्हता.

रविवारी साकीनाक्याला गेले.
खाली बटणांचा कारखाना, वर यांचा गाळा,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
पोरांनी ड्रमवाल्याचं स्टूल बसायला दिलं.
कोणी लिहिलं रे हे?
रेगननं एका किडकिडीत मुलाकडे बोट दाखवलं.
वेदांग करंबेळकर. पार्ल्याचा.
वडील पौरोहित्य करतात.

दादा आजारी होता तेव्हा
घरी सव्वा लाख जप झाला, म्हणाला.
दादा गेला.
तेराव्यानंतर आईनं देव्हाऱ्यातले पितळी देव
नेहमीसारखे चिंचेनं घासले, चकचकीत.
मी त्यांच्यावर एक ओळ जरी लिहिली असती ना मावशी,
तर बाबा जेवले नसते.
म्हणून तुमचा घेतला.
कशाला?
भांडायला.

राग यायला हवा होता मला.
फादरना कदाचित आला असता.
मी म्हटलं, बाळा, आमच्या गावठाणात
शेजारचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही.
निदान चिमूटभर साखर.
तो बरं म्हणाला,
त्याला कळलं की नाही, देव जाणे. कुठला का असेना.

मग वाजवलं त्यांनी.
खाली बटणांची खोकी थरथरली,
माझ्या दाताची कवळीसुद्धा.
वेदांगच्या घशातून जे आलं त्याला शब्द म्हणवत नाही.
पण त्या टेकडीवरून तिसऱ्या प्रहरी जी आरोळी आली
तीही कोणी धड ऐकली नव्हती.
खाली उभे असलेले काही जण म्हणाले,
हा एलीयाला हाक मारतोय.
कानांचं काय घेऊन बसलात.

फादरना कागद परत दिले.
चार पानांत एकच चूक सापडली होती:
वेदीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये
ए-च्या जागी ई पडला होता,
आणि वेदीचा अर्थ झाला होता, बदल.
तेवढं मी गोल केलं होतं.
मग रिक्षात बसल्यावर पर्समधून खोडरबर काढला.
लाल पेन्सिल काही नीट खोडली जात नाही.
थोडा गुलाबी वळ राहिला.